चारच्या जागी सोळा

यवतमाळहून फुलसावंगीला जाणारी दुपारची एसटी म्हणजे काय चीज आहे, हे त्या गाडीत उभ्याउभ्या आलेल्यालाच ठाऊक. मोनाली चढली तेव्हा सगळ्या गाडीत एकच जागा रिकामी दिसत होती. आणि तीसुद्धा रिकामी नव्हतीच. खिडकीशी एक सावळा, उंचेला तरुण बसला होता, आणि त्याच्या शेजारी, सासरी निघालेल्या नव्या नवरीसारखं मुकाट, काळ्या-लाल वायरचं भलंमोठं वेटोळं बसलं होतं.

"इथी कोण हाये?" मोनालीनं विचारलं.

"वायर." तो म्हणाला. आणि वर अगदी शांतपणे, "तिचं तिकीट काढलं हाये मी."

"बरं झालं. तिले म्हणा, तिकीट तुह्यं, सीट माही. माह्या मांडीवर बस."

तो हसला. हसला म्हणजे आधी नुसते डोळे हसले, मग सावकाश बाकीचा माणूस. त्यानं वेटोळं उचललं, मोनाली बसली आणि खरंच तिनं ते आपल्या मांडीवर घेतलं. आता बसली तर गप्प बसेल ना? पण तिची बोटं गप्प बसणाऱ्यातली नव्हती. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत वायरचं टोक धरून ती उगीच फिरवत राहिली. त्यानं थोडा वेळ पाहिलं आणि मग न राहवून विचारलं, काय पाहून राह्यल्या?

"नंबर," ती म्हणाली.

मग काय, तोंड सुटलं. ती सूतगिरणीत होती, सूत तपासायच्या खोलीत. दोन बोटांत धागा धरला की डोळे मिटून त्याचा नंबर सांगायची. सुताचं गणितच उलटं असतं बरं का, तिनं त्याला समजावलं. नंबर जितका मोठा, सूत तितकं बारीक. वीस नंबर जाड, चाळीस नंबर बारीक, अन् चार नंबर म्हणजे तर सतरंजीचं. पण नंबर सांगायला गिरणी राहिली कुठं? कापसाला भाव नाही, गिरणीला पैसा नाही, एका दिवाळीआधी भोंगा वाजायचा थांबला तो थांबलाच. आता तिथं फक्त चौकीदार आणि कबुतरं.

तो "हो, हो" म्हणत होता. त्यानं नक्की काय ऐकलं हे मात्र त्याचं त्यालाच माहीत. खिडकीतून वारा येत होता, तिच्या कपाळावरची एक बट सारखी डोळ्यावर येत होती आणि ती बोलता बोलता फुंकर मारून ती उडवत होती... एवढ्यावरच गडी आर्णीच्या पुढे पोचला.

मग तिनं विचारलं, तुमी कोण, कुठले? त्याचं नाव संघदीप मनवर. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत सोलरचं काम करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कामाला. फुलसावंगीला बायांची चरख्याची शेड आहे, तिथली मशिनं चालत नाहीत, ते पाहायला निघाला होता. वेटोळं होतं शेडच्या आतल्या जोडणीसाठी.

"कोण्या मोनाली मॅडमनं फोनवर आमच्या शेठले असं झाडलं म्हणे," तो म्हणाला, "का शेठ अजून कानाले हात लावून राह्यला. लय खवीस बाई असन."

मोनाली खिडकीबाहेर पाहू लागली. तूर काढणीला आली होती, कापसाची शेवटची वेचणी उरकलेली शेतं करडी दिसत होती. महागाव आलं, महागाव गेलं, तरी ती एक शब्द बोलली नाही. फुलसावंगीच्या थांब्यावर उतरल्यावर तिनं ते वेटोळं त्याच्या हातात दिलं आणि ओढणी झटकली.

"चला," ती म्हणाली. "शेड दाखवते. खवीस बाई मीच हाओ."

बिचाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

शेडची गोष्ट अशी, की गिरणीतून घरी बसलेल्या चौघीजणींनी ती उभी केली होती. मोनाली, तिची आत्या इंदूबाई, तांड्यावरची जमनाबाई आणि शेजारची कौसल्या. एका खादी संस्थेनं त्यांना उन्हावर चालणारे चार चरखे चाचणीसाठी दिले होते. सूत एकसारखं निघालं तर चरखे कायमचे त्यांचे, नाही निघालं तर उचलून दुसऱ्या गावाला. शेड होती पुंडलिकरावांच्या शेताच्या कडेला, जुन्या चिंचांच्या सावलीत. सावलीत बसायला बरं, पण सोलरच्या प्लेटांना सावली म्हणजे उपास. म्हणून प्लेटा बसवल्या होत्या वर बरडावर, मुरमाड मोकळ्या उंचवट्यावर, आणि तिथून शेडपर्यंत वायर आणली होती. वर ऊन भरपूर, पण खाली चरखे रडतखडत. एक लावला तर ठीक चालायचा, चारही लावले की मोटरी कण्हायच्या, सूत जाडबारीक निघायचं आणि तटातट तुटायचं.

संघदीपनं वर जाऊन मीटर लावला, खाली येऊन लावला, पुन्हा वर गेला. मग चिंचेखाली उकिडवा बसून त्यानं चौघींना समजावून सांगितलं. ठिबकची नळी बारीक असली आणि लांब असली, तर शेवटच्या झाडाला काय भेटतं?

"ठणठणगोपाळ," जमनाबाई म्हणाली.

विजेचंही तसंच. बारीक तार, लांबचा पल्ला, वाटेतच जोर गळून जातो. त्यातून आधी येऊन गेलेल्या कारागिरानं घोटाळा केला होता. प्लेटांपासून शेडपर्यंत चाळीस मीटर मोजले आणि तेवढ्याचाच हिशोब धरून चार नंबरची वायर टाकली. पण वीज नुसती येत नाही, तिला परतही जायचं असतं. जाणं-येणं धरलं तर पल्ला ऐंशीचा.

"याले इलाज दोनच," संघदीप म्हणाला. "तार जाड करा, नाही त अंतर कमी करा."

चिंचा हलणार नव्हत्या, शेड बांधून झालेली. म्हणजे तार जाड करणं आलं. किती जाड, ते मोटरी मोजून, हिशोब करून सांगतो म्हणाला. सरळ काम होतं. एका फेरीत उरकावं असं.

पण गडी काही एका फेरीत हिशोब उरकेना. पहिल्यांदा मोटरींचा भार मोजायला आला. पुढच्या खेपेला मीटरवर भरवसा नाही म्हणून दुसरा मीटर घेऊन आला. त्याच्या पुढच्या खेपेला पक्कड विसरली होती ती न्यायला आला आणि जाताना पेचकस विसरून गेला. मोनाली चरख्याला कापसाचा पेळू लावायची, तो शेजारच्या चरख्याचा स्क्रू पिळायचा. एकाच स्क्रूला माणूस किती पिळणार? तुटलेलं सूत जोडताना तिनं मान वळवली की तो घाईघाईनं मोटरीकडे पाहायचा, आणि त्यानं मान खाली घातली की ती त्याच्याकडे. इंदूबाईच्या चहात हल्ली साखर जास्त पडू लागली होती, ती कोणामुळे हे कोणी विचारलं नाही.

"याडी गं," जमनाबाई आपल्या बोलीतल्या आईला हाक मारून म्हणायची, "एवढ्या दुरून पोट्टा स्क्रू पिळाले येते. आमच्या तांड्यावर अशाले सरळ जावई म्हणतात."

मोनाली लाल व्हायची आणि चरख्याचा वेग वाढवायची. आतून मात्र... आतून असं वाटायचं की चरख्यांच्या सगळ्या चात्या एकदम आपल्याच छातीत फिरून राहिल्या आहेत. गिरणी बंद पडल्यापासून इतकं बरं तिला कधी वाटलं नव्हतं.

फोन मात्र वैताग होता. गावात रेंज फक्त बरडावर. संध्याकाळी त्याचा मिस्ड कॉल आला असेल की नाही या ओढीनं ती धापा टाकत वर चढायची, प्लेटांशेजारी उभी राहून फोन उंच धरायची, आणि तो "मोनाली, एक सांगाचं होतं..." म्हणेपर्यंत आवाज तुटायचा. काय सांगायचं होतं ते दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणायचा, काही नाही, मोटरीबद्दल. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवयच होती त्याला.

आणि मग संस्थेच्या विमलताईंचा निरोप आला. गुरुवारी दुपारी येते, चारही चरखे एकदम चालवून दाखवा, सूत हातात घेऊनच ठरवीन. मोनालीच्या पुण्यातल्या भावानं तिच्यासाठी एका कंपनीत पॅकिंगचं काम पाहून ठेवलं होतं. शेड उठली की ती पुण्याला जाणार हे घरात ठरलेलं. एकदा गेली की कसला चरखा आणि कसला पेचकस विसरणारा माणूस?

ती बरडावर गेली आणि संघदीपला फोन लावला. त्याचा हिशोब तयार होता.

"चारच्या जागी सोळा टाक," तो तुटक्या आवाजात म्हणाला. "दुकानात तूच फोन करून सांग, माह्या फोनमधला बॅलन्स... गाडीत टाकून द्या म्हण... मी गुरुवारी सकाळी..."

फोन गेला. मोनाली हातातल्या फोनकडे पाहतच राहिली. सोळा? चार तर जाड. सोळा म्हणजे त्याच्यापेक्षा कितीतरी बारीक. हा गडी तर जाड तार, जाड तार म्हणून घसा कोरडा करत होता. मग तिला एकदम हसू आलं आणि माया पण आली. धांदरट. पक्कड विसरतो, पेचकस विसरतो, आता नंबरही उलटा सांगितला. जाऊ दे, आपणच सावरून घेऊ, त्याला कळूसुद्धा द्यायचं नाही. माणूस आपला म्हटला की एवढं करावंच लागतं.

तिनं यवतमाळच्या वायरच्या दुकानात फोन लावला. चारच्या खाली काय काय आहे, विचारलं. अडीच आहे, दीड आहे, दुकानदार म्हणाला. होऊन जाऊ दे, तिनं मनाशी म्हटलं, सगळ्यात जाडच घेऊ.

"दीडच पाठवा," ती ठसक्यात म्हणाली. "गुरुवारच्या पहिल्या गाडीत, ड्रायव्हरजवळ."

गुरुवार उजाडला तो लख्ख. संघदीप पहाटेच मोटरसायकलनं निघून थंडीनं काकडत आला होता. पहिली गाडी आली, ड्रायव्हरनं खिडकीतून खोकं खाली दिलं आणि मोनालीनं ते अक्षरशः पळवत शेडमध्ये आणलं. संघदीपनं खोकं उचललं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. इतकं हलकं? त्यानं खोकं फोडलं. आत दोन बारीक वेटोळी होती, घरातल्या दिव्याला लावतात तसल्या तारेची.

"हे काय हाये?"

"दीड."

"सोळा सांगतलं होतं ना तुले."

"सोळा त बारीक असते. तू चुकला होता, म्हून मी दुरुस्त केलं."

संघदीप खाली बसला. तारेचा नंबर म्हणजे चौरस मिलिमीटर, तो सरळ असतो, तो म्हणाला, आकडा मोठा तशी तार जाड. सोळा बारीक असते असं तुला कोणी सांगितलं?

"गिरणीनं," मोनाली म्हणाली. "नंबर मोठा, सूत बारीक. पह्यल्याच दिवशी गाडीत सांगतलं होतं की मी. आर्णी येईपर्यंत तेच त सांगून राह्यली होती. तू हो-हो म्हणत होता."

"मी ऐकलंच नाही."

"काहून?"

जमनाबाई पेळू हातात धरून कान टवकारून बसलेली.

"तू बोलून राह्यली होती ना..." तो तारेकडे पाहत म्हणाला. "मी तुह्याकडं पाहून राह्यलो होतो. अशा टायमाले माणसाले नंबर ऐकू येते का? ऐकलं असतं त तुले फोडून सांगतलं असतं, का तारेचं उलटं असते. चूक तुही नाही. माही हाये."

हे ऐकून मोनालीला आनंद व्हावा की रडू यावं? दोन्ही झालं, आणि एकाच वेळी झालं. ज्या शब्दांसाठी ती बरडावर धापा टाकत चढायची ते आले, आणि आले कधी, तर सगळं बुडायच्या सकाळी. सोळाची वायर आणायची तर यवतमाळ. जाऊन येईपर्यंत विमलताई येऊन, तुटलेलं सूत पाहून, चरखे उचलायचं ठरवून गेलेल्या असणार.

"पोट्टेहो, लाजणं मागून लाजा," जमनाबाई म्हणाली. "आता काय करता ते सांगा."

मोनालीनं डोळे पुसले. चिंचांकडे पाहिलं, वर बरडावर चमकणाऱ्या प्लेटांकडे पाहिलं. इलाज दोनच, तो म्हणाला होता. तार जाड करणं तर गेलं.

"अंतर कमी करू," ती म्हणाली.

"शेड कशी उचलतं?"

"शेड नाही. चरखे उचलू. प्लेटांजवळ नेऊन ठेवू. तिथी दीडची तार चालन का नाही?"

संघदीप तिच्याकडे बघतच राहिला. मग ताडकन उठला. "चालन," तो म्हणाला. "दोन हातांच्या अंतराले दीड बी लय झाली. एकेका चरख्याले आपली आपली तारेची जोडी देतो."

पुढे जी धावपळ उडाली ती काय सांगावी. एक चरखा चौघींनी उचलला, तर दारातच अडकला. आरडाओरडा ऐकून पुंडलिकराव धावत आले. काय चाललंय ते कळल्यावर त्यांनी बायांना वेड्यात काढलं, आणि वेड्यात काढता काढताच बैलबंडी जुंपली. चरखे बंडीत, बंडीमागं बाया, बायांमागं वायरची वेटोळी गळ्यात घातलेला संघदीप. बरडावर वारा होता, पेळू उडायला लागला, तर इंदूबाईनं घरून सतरंज्या आणून काठ्यांना बांधल्या आणि आडोसा केला. मोनाली तारेची टोकं सोलायची, तो आवळायचा. घाईत त्याचा हात तिच्या हाताला लागला तर या वेळी कोणीच मान फिरवली नाही. वेळ कुठं होता?

त्यानं खटका दाबला. एक चरखा सुरू झाला. दुसरा. तिसरा. चौथा सुरू होताना मोनालीनं डोळेच मिटले, कारण नेमका तिथंच जोर गळायचा. पण कण्हण्याचा आवाज आला नाही. चारही चरखे एका सुरात घुमत होते, आणि सूत निघत होतं सरळ, न तुटता. कौसल्यानं टाळ्या पिटल्या.

विमलताई आल्या त्या चढ चढून धापा टाकत. चरखे माळावर का, हे त्यांनी विचारलं आणि सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळेना. एवढ्यात कुठूनसा एक अवकाळी ढग उन्हावर आला. चरख्यांचा वेग उतरू लागला. मोनालीनं हात वर केला.

"बंद करा," ती म्हणाली. "ढग जाऊ द्या. खराब सूत काढाचं नाही."

सगळे उभे राहिले, माना वर करून. पुंडलिकरावसुद्धा. ढगाला काही घाई नव्हती. विमलताईंनी घड्याळाकडे पाहिलं, मोनालीनं विमलताईंकडे, आणि संघदीपनं ढगाकडे असं पाहिलं की तो बिचारा लाजून सरकला असावा. ऊन आलं. चरखे पुन्हा एका दमात घुमले. विमलताईंनी सुताचं टोक चिमटीत घेतलं, ओढून पाहिलं, पुन्हा दुसऱ्या चरख्यावरचं घेतलं.

"नंबर?" त्यांनी विचारलं.

मोनालीनं चारही चरख्यांवरचं सूत एकेक करून दोन बोटांत फिरवलं. "तेहेतीस. चारही ठिकाणी तेहेतीस."

"चरखे इथंच राहतील," विमलताई म्हणाल्या. "पण पुढच्या खेपेला मला हा डोंगर चढायला लावू नका."

त्या गेल्या, बाया चहा ठेवायला खाली पळाल्या. बरडावर दोघंच उरली. संघदीप एक तार उगीच गुंडाळत होता, सोडत होता.

"पुढच्या आठवड्यात सोळाची टाकून देतो," तो म्हणाला. "मग काम संपलं. मग फोन करत जाईन म्हणतो..."

"फोन नको."

त्याचा चेहरा पडला.

"इथून लोहारा लय लांब हाये," मोनाली म्हणाली. तिचे कान तापले होते, पण आता थांबायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. "तू बोलते ते अर्धं वाटेतच गळून जाते. मले अर्धं नाही पाह्यजे. अंतर कमी कर."

"म्हंजे... तू लोहाऱ्याले येशील?"

"काहून येऊ? चार चरखे हायेत माह्ये इथी. तू ये."

संघदीपनं तार खाली ठेवली. मग सावकाश, आधी डोळ्यांनी आणि मग सगळ्यानं, तो हसला. "इथल्या स्टँडजवळ एक गाळा रिकामा हाये," तो म्हणाला. "सोलर दुरुस्तीचं दुकान निघन असा. मी पाहून ठेवला गेल्या महिन्यात."

"अन् सांगतलं काहून नाही?"

"रोज सांगत होतो ना फोनवर. तुटत होता."

मोनाली हसली आणि तिनं त्याच्या खांद्यावर एक चापट मारली. तो हात त्यानं धरला आणि सोडला नाही. मग ती म्हणाली, आता खाली चल आणि आत्याला तूच सांग. मी सांगणार नाही. तर गड्याचं धाबंच दणाणलं.

इंदूबाई शेडमागच्या चुलीशी भाकरी थापत होती. तो समोर जाऊन उभा राहिला, घसा खाकरला, तिला आत्या म्हणायचं की ताई यात थोडा अडखळला.

"आत्या, मले इथी राह्याचं हाये."

"राह्य ना बापा. जेवून जा."

"नाही आत्या. जेवून जाचं नाही." तो म्हणाला. "राह्याचंच हाये."

इंदूबाईचा भाकरीवरचा हात थांबला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्यामागं चिंचेच्या बुंध्याआड अर्धी लपलेल्या मोनालीकडे पाहिलं. मोनालीनं मान खाली घातली, पण हसू काही तिला दाबता आलं नाही. जमनाबाई तोंडाला पदर लावून बसली होती. इंदूबाईनं पिठाचा डबा पुढे ओढला आणि परातीत आणखी दोन मुठी पीठ घेतलं.